बारा हात आणि एक बाजार

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या मनुष्यास समाज पुन्हा आपल्या पंक्तीस बसू देतो काय, हा प्रश्न भांडुपसारख्या कारखान्यांच्या उपनगरात निव्वळ पुस्तकी राहत नाही. लोकलने तिसरे स्थानक ठाण्याचे, तेथील जुन्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह, आणि त्याच्या दिंडीतून मोकळा झालेला इसम मजुरीस निघाला की पहिल्याच देवडीवर त्याच्यापाशी चारित्र्याचा दाखला मागितला जातो. या प्रश्नास भिडणारा, मराठी मंडळींनी हिंदीत घडविलेला थोर चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ'.

कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ती त्यांच्याच माणदेशी मुलखातली. आटपाडीचा तो परिसर औंध संस्थानात मोडत असे. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यघटना जाहीर करून कारभार रयतेच्या हाती सोपविला, आणि त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींच्या सहवासात रमलेल्या अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली, जेथे तट नव्हता, बेडी नव्हती, आणि गंभीर गुन्ह्यांचे बंदी माळरान कसून बायकामुलांसह नांदू शकत होते. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी वसाहत टिकली. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा, ज्या राज्यात हा प्रयोग अंकुरला ते राज्यच नकाशावरून पुसले गेले होते!

आदिनाथ हा जेलर सहा खुन्यांना आपल्या जिम्म्यावर ओसाड शेतावर नेतो, आणि केवळ आपल्या नजरेच्या धाकाने व मायेने त्यांना बांधून ठेवतो. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटास रौप्य अस्वल मिळाले, देशात राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही.

मला मात्र त्या दोन डोळ्यांपेक्षा त्यातला बाजार अधिक खरा वाटतो. कैदी घाम गाळून भाजी पिकवितात, वाजवी भावाने विकावयास बसतात, आणि तेथेच मुरलेल्या व्यापाऱ्यांचे पित्त खवळते. माती त्यांना स्वीकारते, पेठ स्वीकारीत नाही. एका पुण्यशील अधिकाऱ्याच्या दृष्टीत सुधारणेचे सारे सामर्थ्य साठविणे हा चित्रपटाचा मोह आहे, आणि काव्य म्हणून तो क्षम्यही आहे. पण स्वतंत्रपूरचे बळ कोणा एकाच्या डोळ्यांत नसून जमीन, मेहनत आणि कुटुंब यांच्या रोजच्या संसारात होते.

योगायोग असा की, १९५८ सालीच परिवीक्षेचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्याअन्वये विवक्षित गुन्ह्यांतील दोषी इसमास न्यायाधीश तुरुंगात न धाडता सद्वर्तनाच्या मुचलक्यावर मोकळे करू शकतो, आणि अशा इसमास दोषसिद्धीमुळे एरवी चिकटणारी अपात्रता लागू होत नाही. तुरुंगात पूर्ण मुदत काढून सुटलेल्यास या कायद्याचे हे संरक्षण नाही.