सहाचा वर्ग पाचला कुणी नेला?

नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की कॅलेंडर प्लगिनच्या सपोर्टमध्ये काम करणाऱ्यांना विशिष्ट चालीची पत्रं येऊ लागतात. ‘माझ्या वेबसाइटवर सकाळचा योगवर्ग सहाचा आहे, पण ज्यांनी तो आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये जोडून घेतला त्यांना पाचचा दिसतोय. आज चारजण अंधारात कुलूपबंद दारापाशी उभे होते. तुमच्या प्लगिनमध्ये बिघाड आहे. दुरुस्त करा, नाहीतर पैसे परत द्या.’ पत्र शिकागोहून आलेलं असतं. उत्तर देणारा पुण्यात नाहीतर कोल्हापुरात घरून काम करत असतो. आणि प्लगिनमध्ये बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं.

वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला प्लगिन, म्हणजे वरून बसवायचे छोटे प्रोग्राम, जोडायची सोय झाली. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. नाट्यगृहं, चर्च, ग्रंथालयं, नृत्यशाळा, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळ्यांना आपापले कार्यक्रम तारीखवार दाखवायचे असतात आणि मूळ वर्डप्रेसमध्ये ती सोय नाही. म्हणून कॅलेंडरचं प्लगिन घ्यायचं. ते बसवायला पाच मिनिटं पुरतात. अडचणी नंतर सुरू होतात, कारण हे प्लगिन वेळेचा व्यवहार करतं आणि वेळ ही सरकारं, धर्मसंस्था आणि कंपन्या यांनी मिळून केलेली तडजोड आहे.

शिकागोच्या वर्गाचं काय झालं ते पाहू. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा दोन प्रकारे निवडता येतो. एक तर शहराचं नाव निवडायचं, किंवा सरळ ‘यूटीसी उणे ५’ असा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकाचा, आकडा. वर्गाच्या मालकीणबाईंनी वेबसाइट जुलैत केली. तेव्हा शिकागो खरोखरच यूटीसीच्या पाच तास मागे होतं, म्हणून त्यांनी आकडा निवडला. शहर निवडलं असतं तर प्रणालीला कळलं असतं की नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक सहा तासांचा होतो. आकड्याला हे काही कळत नाही. वेबसाइटवर ‘सहा’ हे लिहिलेलं तसंच राहिलं. पण फोनकडे गेलेल्या नोंदीत ‘यूटीसी ११ वाजता’ असं गेलं आणि फोननं इमानदारीत त्याचे पाच केले. उपाय दोन क्लिकचा आहे: यादीतून शहर निवडा आणि आधीच्या नोंदी पुन्हा सेव्ह करा. खरं कौशल्य या दोन क्लिकपर्यंत पोचण्यात असतं, कारण मालकीणबाईंच्या पत्रात ‘टाइमझोन’ हा शब्द कुठेच नव्हता.

आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करायची रीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षं भारतीय प्रमाणवेळ तासाभरानं पुढे नेली होती, तो अपवाद. त्यामुळे सपोर्टमध्ये नव्यानं आलेल्या मराठी मुलाला ही गोष्ट घोकून शिकावी लागते. अमेरिका २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं अंतर नेहमीच्या पाच तासांऐवजी चारच तास असतं. दोन्हीकडे एकाच वेळी वेबिनार घेणारी मंडळी या आठवड्यांत हमखास तिकीट, म्हणजे सपोर्टकडे तक्रार, टाकतात.

यादीत शहर शोधणाऱ्या मुंबईकराची गंमत वेगळीच. त्याला ‘मुंबई’ सापडत नाही. साऱ्या भारतासाठी तिथे एकच नोंद आहे, कोलकाता. ‘आमचं शहर का नाही?’ असं विचारणारे ग्राहक खरोखर असतात. त्यांना सांगावं लागतं की कोलकाता निवडा, वेळ आपलीच आहे. (मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, तेही प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ते १९५५ पर्यंत चाललं, पण हा तपशील तिकिटाच्या उत्तरात लिहायचा नसतो.)

ही शहरांची यादी येते कुठून? आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती करायला घेतली, नंतर पॉल एगर्ट यांनी सांभाळली आणि २०११ पासून तिचा कारभार ‘आयाना’ या इंटरनेट संस्थेच्या छत्राखाली चालतो. जगातले बहुतेक फोन, सर्व्हर आणि कॅलेंडर हीच यादी वापरतात. कुठल्या देशानं घड्याळाचा नियम कधी बदलला याची ती वही. देशानं नियम बदलला की यादीची नवी आवृत्ती निघते, ती सर्व्हरवर पोचते आणि मग कॅलेंडर बरोबर चालतं. पण हे सगळं व्हायला वेळ लागतो आणि सरकारं तेवढी सवड देतीलच असं नाही.

लेबनॉनचं उदाहरण या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या काळजीवाहू पंतप्रधानांनी गुरुवारी जाहीर केलं की, येत्या शनिवारी मध्यरात्री घड्याळं पुढे करायची ठरली होती ती आता जवळपास महिनाभरानं, रमजान संपताना करू. मॅरोनाइट चर्चनं हे मानलं नाही. काही वृत्तवाहिन्यांनीही जुन्याच ठरावाप्रमाणे घड्याळं पुढे केली. काही दिवस एका देशात दोन वेळा चालल्या. सोमवारी सरकारनं माघार घेतली आणि त्या आठवड्याच्या मध्यावर घड्याळं पुढे सरकली. इकडे यादी सांभाळणाऱ्यांनी आधी निर्णयाप्रमाणे नवी आवृत्ती काढली आणि काही दिवसांतच तो बदल मागे घेणारी आणखी एक. आता कल्पना करा, बैरुतच्या एखाद्या कलादालनानं विचारलं की ‘रविवारी आमचं उद्घाटन नेमकं किती वाजता दाखवायचं?’ याचं उत्तर प्लगिनच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही. समजूतदार माणूस एवढंच लिहील की पाहुण्यांना वेळ शब्दांत कळवा आणि कुठलं घड्याळ ते स्पष्ट सांगा.

कॅलेंडर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला ‘आयकॅलेंडर’ म्हणतात. तिचं प्रमाण १९९८ मध्ये ठरलं आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. त्यातले काही नियम सरळ माणसाच्या डोक्याबाहेरचे आहेत. दोन दिवसांचं शिबिर, ७ आणि ८ तारखेला. तुम्ही ‘शेवट ८’ असं लिहाल. आयकॅलेंडरमध्ये दिवसभराच्या कार्यक्रमाचा शेवट म्हणजे तो संपल्यानंतरचा दिवस, म्हणजे ९. एखाद्या प्लगिननं हे पाळलं नाही की गुगल कॅलेंडरमध्ये शिबिर एकाच दिवसाचं दिसतं. दुसरा नियम: ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला सभा’ असं टाकलं, तर ज्या महिन्याला ३१ तारीख नाही तो महिना गाळायचा. वर्षात सभा सातच होतात आणि चिटणीस विचारतात, ‘फेब्रुवारीची कुणी पुसली?’ त्यांना हवा असतो ‘महिन्याचा शेवटचा दिवस’. तो पर्यायही असतो, फक्त तो निवडायला हवा हे ठाऊक नसतं.

आपल्या लोकांचं खास तिकीट मात्र तिथीचं. परदेशातलं एखादं मंडळ गणेश चतुर्थीची नोंद करतं आणि ‘दरवर्षी पुन्हा’ यावर टिचकी मारतं. चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि मंडळाच्या वेबसाइटवर बाप्पा अजून ७ सप्टेंबरलाच. चिनी किंवा हिब्रू पंचांगानुसार पुनरावृत्ती करायचा मार्ग २०१५ मध्ये आयकॅलेंडरला जोडला गेला. आपल्या तिथींसाठी तो कामाचा नाही. दिवसाची तिथी सहसा सूर्योदयावरून ठरते, सूर्योदय गावावर, आणि अधिक महिना आला की सगळं महिनाभर पुढे जातं. अशा वेळी सरळ सांगायचं, की दरवर्षी तारीख हातानं टाका. बरीचशी मंडळं मुख्य कार्यक्रम शनिवार-रविवार पाहूनच ठेवतात, तेव्हा फारसं बिघडत नाही.

वेळेशी संबंध नसलेल्या तक्रारींतही काही ठरलेल्या आहेत. ‘कार्यक्रमाच्या पानावर ४०४ येतंय’ याचं उत्तर निम्म्या वेळा एकच: सेटिंगमध्ये पर्मालिंकच्या पानावर जा आणि काहीही न बदलता सेव्ह करा. ग्राहकाला ही थट्टा वाटते, पण त्या एका बटणानं वर्डप्रेस पत्त्यांचे नियम नव्यानं लिहितं आणि पान सापडतं. ‘आजचे कार्यक्रम’मध्ये कालचे दिसले की कॅशेचं प्लगिन तपासायचं, त्यानं कालचं पान जपून ठेवलेलं असतं. कार्यक्रमाची आठवण देणारा ईमेल उशिरा गेला तर वर्डप्रेसची अंतर्गत वेळापत्रक-यंत्रणा पाहायची. ती घड्याळावर चालत नाही. कुणी वेबसाइट उघडली की तेव्हा जागी होते. ज्या वेबसाइटवर रात्री कुणी फिरकत नाही, तिथे पहाटे चारचं काम सकाळी पहिला पाहुणा येईपर्यंत पडून राहतं.

सगळ्यात कंटाळवाणं काम प्लगिनांच्या भांडणाचं. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसनं जुन्या जावास्क्रिप्टला सांभाळून घेणारा एक पूल काढून टाकला आणि अनेक वेबसाइटींवरची बटणं रातोरात मुकी झाली. अशा वेळी दिवाळीच्या माळेतला गेलेला दिवा शोधावा तसं निम्मी प्लगिनं बंद करून पाहायचं, मग उरलेल्यांतली निम्मी. चालू वेबसाइटवर हे करायची हिंमत ग्राहकात नसते आणि नसावीही. त्यासाठी ‘हेल्थ चेक’ नावाचं प्लगिन आहे. त्याच्या तपासणी-अवस्थेत प्लगिनं फक्त तुमच्यापुरती बंद होतात, बाहेरच्या पाहुण्यांना वेबसाइट पूर्वीसारखीच दिसते. हे ऐकल्यावर पत्रातला रागाचा सूर बहुतेक वेळा उतरतो.

आता थोडं कंपन्यांबद्दल. सपोर्टचं काम सहसा दोन आकड्यांनी मोजतात: पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं आणि ग्राहकानं किती तारे दिले. दोन्ही आकडे दिशाभूल करतात असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं उत्तर तीन मिनिटांत द्यायचं तर तयार साचाच पाठवावा लागतो: ‘कॅशे साफ करून पाहा, प्लगिन अपडेट करा.’ ग्राहकानं हे दोन्ही आधीच केलेलं असतं आणि त्याच क्षणी त्याचा विश्वास उडतो. उलट जो माणूस अर्धा तास घेऊन ग्राहकाची वेबसाइट उघडतो, सेटिंगचा स्क्रीनशॉट मागतो, स्वतःच्या चाचणी-वेबसाइटवर तोच प्रकार घडवून पाहतो आणि मग एकाच पत्रात प्रश्न मिटवतो, त्याचा आकडा वाईट दिसतो. तारे तर निकालाला मिळतात. लेबनॉनच्या सरकारनं केलेल्या गोंधळाचे कमी तारे सपोर्टवाल्याच्या नावावर पडतात. मोजायचंच असेल तर एकच प्रश्न किती वेळा परत आला ते मोजावं. ज्या कंपन्या ते मोजतात त्यांच्या सेटिंगच्या पानावर ‘आकड्याऐवजी शहर निवडा’ अशी ओळ आपोआप येते आणि नोव्हेंबर शांत जातो.

तुमच्या संस्थेची वेबसाइट तुम्ही सांभाळत असाल, तर तक्रार पाठवताना ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. ज्या पानावर अडचण दिसते त्याचा पत्ता द्या, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय ते दोन ओळींत सांगा, वेळेच्या पट्ट्याचं सेटिंग आणि गेल्या आठवड्यात काय अपडेट केलं तेही कळवा. पासवर्ड मात्र ईमेलमध्ये लिहू नका. आणि वेळेच्या पट्ट्यात तुमच्याकडे ‘यूटीसी अधिक ५:३०’ असा आकडा निवडलेला असेल, तर आजच तो बदलून कोलकाता करून घ्या.