वाडीवरच्या वृद्धांची काळजी : सोयी आहेत, सोबत हवी



चिपळूण तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर मी आरोग्याच्या कामासाठी जातो हे आपल्याला माहीत आहे. मंडळीत भेटल्यावर आपल्यापैकी अनेक जण एकच प्रश्न विचारतात : “वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी वृद्धाश्रम बांधू या का?” विचारण्यामागचं प्रेम मी जाणतो. परंतु वाडीवर हाच प्रश्न मी विचारला, तेव्हा एकही आजी किंवा आजोबा घर सोडायला तयार झाले नाहीत. आपली चूल, आपली पडवी, शेजारची नातवंडं आणि खाली वाहणारा वहाळ सोडून ते कुठे जाणार? त्यांना घरीच राहायचं आहे. तिथे त्यांना सुखरूप राहता यावं म्हणून आज काय उपलब्ध आहे आणि ते कुठे अडतं, एवढंच या लेखात सांगतो.

वय सिद्ध करण्याची अडचण

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत. कातकरी समाजाचं नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या जुन्या धंद्यावरून आलं. तो धंदा गेला, जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. त्यामुळे भातकापणी आटोपली की तरुण मंडळी कामाच्या शोधात बाहेरगावी जातात आणि कित्येक घरांत पावसाळ्यापर्यंत म्हातारी माणसं आणि लहान मुलंच उरतात.

बहुतेक वृद्धांच्या जन्माची नोंद नाही. वय विचारलं तर उत्तर येतं, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझं लगीन झालं होतं.” तो भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे त्या आजींनी सत्तरी ओलांडली हे उघड आहे. पण आधार कार्डावर अंदाजाने घातलेलं साल त्यांना साठीच्याही आत ठेवतं, आणि वयावर मिळणारी प्रत्येक सोय तिथेच थांबते.

यावर उपाय आहे. निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी जन्माचा दाखला नसेल, तर शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय पुरावा म्हणून देता येतं. तेही नसेल, तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वयाचा दाखला मिळतो. मात्र त्यासाठी आजींना रुग्णालयात घेऊन जाणारं आणि त्यांच्या वतीने बोलणारं कुणीतरी सोबत लागतं.

पैसा, धान्य आणि प्रवास

पासष्ट वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातून दरमहा 1500 रुपये बँक खात्यात जमा होतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि ते का थांबले हे वाडीवर कुणी येऊन सांगत नाही. आयुष्यभर कोयता आणि कुदळ चालवलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही दुसरी अडचण. अशा वेळी ‘मशीन घेत नाही’ एवढं ऐकून माघारी न फिरता, डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीने काम होईल का हे विचारावं. पोस्टाच्या बँकेत पोस्टमन घरी येऊनही पैसे देऊ शकतो.

विशेष असुरक्षित जमातींतल्या कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिका मिळू शकते. तिच्यावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील गरजूंना एकदाच 3000 रुपये देण्याची तरतूद आहे. एसटीत पंच्याहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून तिकीट लागत नाही आणि पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट पडतं. म्हणून दवाखान्यात जाताना ओळखपत्र घरी विसरू नये.

औषधपाणी

पहिला दुवा म्हणजे गावची आशाताई. रक्तदाब आणि साखर तपासायला ती पाठवते. त्यांच्या गोळ्या उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. बरं वाटलं की गोळी बंद करायची, ही सवय वाडीवर सर्रास दिसते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असं वाटतं. रोजची गोळी रोजच्या कामाला जोडली, उदाहरणार्थ सकाळच्या चहाला, तर ती सहसा चुकत नाही.

मोठ्या उपचारांसाठी मुंबई-गोवा महामार्गावर कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. यासाठी फक्त आधार कार्ड लागतं. म्हणूनच त्यावरचं चुकीचं वय इतकं महागात पडतं.

रुग्णवाहिकेसाठी 108 हा मोफत क्रमांक आहे. फोन करताना वाडीचं नाव पुरत नाही, कारण चालकाला ते माहीत नसतं. रस्त्यावरची शाळा, पूल किंवा एसटी थांबा सांगावा, आणि गाडी येईपर्यंत रुग्णाला डोलीतून तिथवर आणून ठेवावं. वृद्धांची छळवणूक, एकटेपण किंवा योजनांची माहिती यासाठी 14567 ही वृद्धांची मदतवाहिनी आहे.

घरातले धोके

वृद्धांना घरात सर्वात मोठा धोका पडण्याचा. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, उंबरठा अंधारात दिसत नाही, आणि रात्री लघवीला बाहेर जावं लागतं. खुब्याचं हाड मोडलं की चालतं माणूस अंथरूण धरतं. उपाय साधे आहेत : पायऱ्या खरवडून घ्याव्यात, दारापासून मोरीपर्यंत बांबूचा कठडा बांधावा, उशाशी विजेरी ठेवावी, मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्यावा.

दुसरा धोका विंचू आणि साप यांचा. जांभ्याच्या फटीत आणि लाकडांच्या ढिगात लाल विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने त्याच्या दंशावर उपचार करून दाखवले आणि या दंशाने होणारे मृत्यू त्यामुळे खूप कमी झाले. पण वेळेवर रुग्णालय गाठलं तरच त्याचा उपयोग. साप चावल्यावर आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव न हलवता लगेच रुग्णालयात न्यावं. चिखलात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर तो लेप्टोही असू शकतो. तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि लवकर औषध घेतलं तर बरा होतो.

पुराची रात्र

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. वीज गेली, मोबाईल बंद पडले. वर लिहिलेले सगळे क्रमांक त्या दिवशी निरुपयोगी होते. त्याच दिवसांत शेजारच्या खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळून घरं गाडली गेली. ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःहून चालता येत नाही, त्याला अशा रात्री फक्त शेजारीच वाचवू शकतो. म्हणून जूनच्या आधीच वाडीत ठरवून ठेवावं : कोणत्या आजोबांना कोण उचलणार, कोणत्या वाटेने, कुठल्या शाळेत. कागदपत्रं, गोळ्या आणि चष्मा एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दारामागे टांगावा. डोंगरउताराला नवी भेग दिसली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर आदेशाची वाट न पाहता घर सोडावं.

आपण काय करू शकतो?

इमारतीपेक्षा एका दिवसाची सोबत इथे जास्त मोलाची आहे. तहसील कार्यालयात एका आजींबरोबर सकाळपासून बसणारी, फॉर्म भरणारी, डॉक्टरांचं बोलणं त्यांना समजेल अशा शब्दांत सांगणारी व्यक्ती हवी आहे. सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपल्या देणगीतून ती भरून देता येईल. विजेरी, काठी, बांबूचा कठडा यांना फार खर्च येत नाही. आपल्यापैकी जे तलाठी, परिचारिका, शिक्षक किंवा पोस्टातून निवृत्त झाले आहेत, त्यांना कार्यालयाच्या वाटा ठाऊक आहेत. महिन्यातला एक दिवस त्यांनी दिला, तर एका वाडीतले सगळे अर्ज मार्गी लागतील.

वाडीवरच्या वृद्धांसाठी आपण प्रार्थना करता, ती करीत राहा. आणि येत्या पावसाळ्याआधी एकदा माझ्याबरोबर वाडीवर या. मे महिन्यात पायऱ्या घासायच्या आहेत आणि कठडे बांधायचे आहेत.