बाळाच्या ॲसिडिटीचं औषध आणि पालकांची सही

बाळ दूध टाकतं, रडतं, पाय पोटाशी घेतं. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, तिथे अशा वेळी मेडिकलमधून मोठ्यांच्या ॲसिडिटीचं औषध आणून ‘थोडंसंच’ पाजलं जातं. तान्ह्या बाळाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप नीट आवळलेली नसते, म्हणून दूध वर येतं. बहुतेकांचं हे वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. वजन वाढत नसेल, उलटीत रक्त किंवा हिरवट पाणी दिसलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

औषधाने खरंच फरक पडतो का? २००९ साली डॉ. सुसान ओरेनस्टीन व सहकाऱ्यांनी वर्षाच्या आतल्या १६२ बाळांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळतंय हे पालकांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. चार आठवड्यांत दोन्ही गटांतल्या ५४ टक्के बाळांचं रडणं बरंच कमी झालं. अगदी सारखंच! प्लासिबोचा गट नसता तर हे सगळं यश औषधाच्या नावावर जमा झालं असतं. उलट गंभीर त्रास औषध घेणाऱ्या १० बाळांना झाला, दुसऱ्या गटात फक्त २ बाळांना. त्यात छातीचा संसर्ग प्रामुख्याने होता.

सिसाप्राइडची गोष्ट याहून वाईट. ओकाऱ्यांसाठी ते बाळांनाही सर्रास दिलं जाई. हृदयाचे ठोके बिघडतात हे दिसल्यावर २००० साली अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं. आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडलं.

म्हणून ‘मुलांवर चाचणीच नको’ ही भूमिका आम्हाला पटत नाही. चाचणी झाली नाही तर प्रत्येक घरात बिनहिशेबी प्रयोग चालूच राहतो. भांडायचं ते संमतीसाठी. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या फॉर्मवर वसतिगृहाचे वॉर्डन, मुख्याध्यापक यांनी सह्या केल्या होत्या. औषध वेगळं, प्रश्न तोच.

आजच्या नियमांनुसार आईबापांना त्यांच्या भाषेत माहिती मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. फॉर्मची प्रत घरी न्यायला मिळते, कधीही बाहेर पडता येतं आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत असतात. कुणी सही मागायला आलं, तर कार्यकर्त्यांनी आधी चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारावा. माझ्या बाळाला प्लासिबो मिळू शकतो का, हा आईचा प्रश्न त्यानंतरचा.