शेतकऱ्याची बंदूक व तिची जबाबदारी

रानडुकरें उभ्या मक्यांत शिरून एका रात्रींत चार महिन्यांची मेहनत मातींत घालतात, आणि गांवापासून दूर मळ्यांत राहणाऱ्यास चोराचेंही भय असतें. अशा वेळीं घरांत एक बंदूक असावी, असा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. महसूल खात्याच्या नोकरींत हत्यारांच्या परवान्यांचीं प्रकरणें आम्हीं पुष्कळ वर्षें हाताळलीं. त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, बंदूक मिळविणें कठीण खरें, परंतु ती सांभाळणें त्याहून कठीण होय. नव्यानें हें हत्यार घेऊं इच्छिणाऱ्या बांधवांकरितां चार गोष्टी येथें लिहितों.

प्रथम गरजेचा विचार करावा. कुंपण, राखण, कुत्रें, दिवा व शेजाऱ्यांचा एकोपा यांनीं काम भागत असेल, तर बंदुकीच्या भरीस पडूं नये. ज्या घरांत कोणास मद्याचें व्यसन आहे, भावाभावांत वांटणीचा तंटा पेटला आहे, किंवा कोणाचें मन फार खचलेलें आहे, त्या घरांत तर ती मुळींच आणूं नये. चोर वर्षांतून एखादे वेळीं येतो. राग मात्र घरांतच राहतो.

गरज खरी असल्यास परवाना काढावा. सध्यां १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. अर्जदाराचें वय २१ वर्षें पूर्ण असावें लागतें. अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणजे कलेक्टर यांजकडे, व जेथें पोलीस आयुक्तालय आहे तेथें आयुक्तांकडे करावा. नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. वैद्यकीय दाखला व हत्यार सुरक्षितपणें वापरण्याचें शिक्षण यांचीही नियमांत अट आहे. पीकसंरक्षणाकरितां सामान्यतः ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. तिनें भागत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, २० इंचांहून कमी नळी नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकीचा देतां येतो. परवाना नाकारल्यास त्याचीं कारणें लेखी नमूद करावीं लागतात, व अपीलही करतां येतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका इसमास दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत, व परवान्याची मुदत पांच वर्षें झाली आहे.

आतां घरांतील व्यवस्था. बंदूक सदैव रिकामी करून कुलुपांत ठेवावी. काडतुसें अगर दारू व केप निराळ्या कुलुपांत ठेवावीं. किल्ली स्वतःजवळ असावी. खुंटीवर टांगलेली बंदूक पाहुण्यांस शोभा वाटते, परंतु पोरांस तें खेळणें वाटतें. ठासणीची बंदूक भरलेली आहे कीं रिकामी, हें वरून दिसत नाहीं. याकरितां रिकाम्या नळींत गज सोडून तो नळीच्या तोंडाशीं जेथें येतो तेथें खूण करावी. पुढें केव्हांही गज खुणेपर्यंत न गेला, तर आंत बार आहे असें समजावें. केवळ केप काढल्यानें बंदूक रिकामी होत नाहीं. ती रिकामी असो वा भरलेली, नळीचें तोंड माणसाकडे कधींही करूं नये. बार करण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवूं नये. केप वाजूनही बार न झाल्यास नळी मोकळ्या दिशेस धरून दोन मिनिटें थांबावें.

रात्रीं ताटें हाललीं म्हणून त्यांवर बार टाकूं नये. पलीकडे शेजारचा राखणदार असूं शकतो. काय दिसतें व त्याच्या मागें काय आहे, हीं दोन्ही स्पष्ट झाल्यावांचून चापास हात लावणें म्हणजे आंधळेपणा होय. आपली बंदूक रातीच्या राखणीस गड्याच्या हातीं देणें हाही गुन्हाच आहे, हें विसरूं नये.

कित्येकांचा असा समज असतो कीं, पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक. हा समज चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरास मारण्यासही वनखात्याची लेखी परवानगी लागते. जिवावर बेतलें असतां सद्भावनेनें केलेल्या बचावाची गोष्ट निराळी.

चोराविषयींही तेंच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. तथापि बचावास आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा आहे. कणसें घेऊन पळणाऱ्याच्या पाठींत बार घालणें हा बचाव नव्हे. लग्नावरातींत हौसेनें बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद अगर एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

शेवटची गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. एक खातेदार वारला. त्याची ठासणीची बंदूक माळ्यावर पडून राहिली. मुलास वाटलें, बापाची वस्तु ती आपलीच. पुढें मुदत संपलेल्या परवान्यांची यादी निघाली आणि ज्यानें कधीं चापास बोटही लावलें नव्हतें, तो मुलगा विनापरवाना हत्यार बाळगल्याच्या आरोपाखालीं कोर्टाच्या पायऱ्या चढूं लागला. खर्चापायीं त्याची बैलजोडी गेली. त्या यादींत तें नांव आम्हींच लिहिलें होतें. बाप वारल्याचें आम्हांस ठाऊक होतें. एक निरोप धाडला असता तर काम भागलें असतें. तो धाडावा हें सुचलें नाहीं. ती चुटपुट अद्याप गेलेली नाहीं. आज तर अशा गुन्ह्यास दोन ते पांच वर्षें कैदेची शिक्षा आहे.

म्हणून परवानाधारक वारतांच वारसानें बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, व नंतर हवी असल्यास स्वतःच्या नांवें अर्ज करावा. मुदत संपण्यापूर्वीं दोन-तीन महिने नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. मुदतीची तारीख सातबाऱ्याच्या दप्तरांत ठळक लिहून ठेवावी, व ती घरांतील दुसऱ्या एका जाणत्या माणसास सांगून ठेवावी. आमचे जे वाचक हा लेख वाचतील, त्यांनीं आजच एकदां आपला माळा पाहावा, इतकीच विनंति आहे.