रिपोर्ट नाही, म्हणून आजार नाही?

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. राहू आणि आसपासच्या गावांचा हा पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. चुलाणात दिवसभर चिपाड सारणारा माणूस असो, की उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, दोघांचीही मिळकत अंगमेहनतीवर अवलंबून. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. एकाचा दम सुटला की दोघांची कमाई घटते. करोना होऊन गेल्यावर महिनोन्महिने रेंगाळणारा थकवा, धाप आणि विसरभोळेपणा हा म्हणूनच इथे थेट पोटाचा प्रश्न आहे. अशा माणसाकडे आधी ‘पॉझिटिव्ह रिपोर्ट’ मागायचा आणि मगच त्याची तक्रार ऐकायची, ही रीत शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी या आजाराची व्याख्या ठरवली. संसर्गाला साधारण तीन महिने झाल्यावर दिसणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे, असा तिचा आशय आहे. संसर्ग चाचणीत सिद्ध झालेलाच असावा, अशी अट त्या व्याख्येत नाही. तो झाला असण्याची दाट शक्यता पुरते. आपल्याकडे ही सवलत नसती तर बहुतेक रुग्ण मोजणीबाहेरच राहिले असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मधील सर्वेक्षणाचा निष्कर्ष होता, की नोंद झालेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात २६ ते ३२ जणांना संसर्ग झालेला होता. जून-जुलै २०२१ च्या सर्वेक्षणात लस न घेतलेल्यांपैकीही सुमारे ६२ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. संसर्ग घरोघरी पोचला होता, रिपोर्ट मात्र मोजक्यांच्याच हाती होता.

हा सगळा मनाचा खेळ आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला प्रयोगशाळेतून उत्तर मिळाले आहे. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २५ रुग्णांना आणि २१ निरोगी व्यक्तींना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. त्याआधी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंत इजेच्या खुणा वाढल्या आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे काम आणखी मंदावले. आज अंगावर काढलेले काम उद्या-परवा दुपटीने का बाधते, याचा हा दिसणारा पुरावा आहे. शिवाय विषाणूजन्य ताप जातो आणि मागे दुखणे ठेवतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरलेले होते. त्या वेदनेला कुणी भ्रम म्हटले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जवळपास सगळ्यांनाच संसर्ग होऊन गेला असेल, तर प्रत्येक थकवा करोनाच्या खात्यावर मांडला जाईल आणि खरा क्षयरोग, रक्तक्षय, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार दडून राहील. धोका खरा आहे, पण त्यावरचा उपाय त्याच व्याख्येत आहे. दुसरी कारणे बाजूला सारल्याखेरीज हे निदान करताच येत नाही. म्हणजे धाप लागणाऱ्या बाईची तक्रार मनावर घेतली, तर आधी तिचे हिमोग्लोबिन आणि साखर पाहिली जाईल, खोकला असेल तर थुंकी तपासली जाईल. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ म्हणून तिची बोळवण केली, तर क्षयही हुकेल आणि करोनाचे दुखणेही. निर्णायक प्रश्न एकच: तापाच्या त्या आजारपणाआधी ही लक्षणे होती का?

खात्रीचे औषध नाही, मग नाव देऊन काय साधणार, असेही विचारले जाते. नाव दिल्याने सल्ला बदलतो. ‘अंग हलवा, व्यायाम वाढवा’ हा सरसकट उपदेश श्रमानंतर बिघडणाऱ्या रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. त्याला काम तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विसावा घेत करायला शिकवावे लागते. रोजंदारीवर हे सोपे नाही, पण मोळीऐवजी काही दिवस पाचट काढण्यासारखे हलके काम देणे मुकादमाला आणि मालकाला शक्य असते. त्यासाठी डॉक्टरांचा लेखी शब्द लागतो, आणि निदानावाचून तो मिळत नाही.

हे सारे करायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत २०२० साली आशा सेविका आणि त्यांचे सहकारी ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले होते. शिरूर तालुक्यातच, वढू येथे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नियमित नोंद ठेवत आले आहे. आजारपणाआधी काय जमत होते, आता काय जमत नाही आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशी काय होते, हे तीन प्रश्न अशा भेटींत जोडायला खर्च नगण्य आहे. चाचणी पोचली नाही हा व्यवस्थेचा तुटवडा होता. त्याचा भुर्दंड रुग्णाने भरावा, हे आपण मान्य करता कामा नये.