कर्ज नामंजूर झाले, तर टोकनचे काय?

चाळीतली खोली सोडून बदलापूर-टिटवाळ्याकडे स्वतःचे वन रूम किचन घ्यायचे, हे आपल्याकडे एकट्या माणसाचे काम नसते. मुलाचा पगार, वडिलांच्या फंडाचे पैसे, आईच्या पाटल्या, पतपेढीचे कर्ज, हे सगळे गोळा होते तेव्हा कुठे टोकनची रक्कम उभी राहते. आणि हीच रक्कम एजंटच्या "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" या एका वाक्यावर हातातून जाते. पेढे वाटून होतात, आणि महिन्याभराने बँक कर्ज नाकारते.

मग घरमालक म्हणतो, "सौदा तुम्ही मोडलात, टोकन विसरा." कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूने नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच घेता येते. मालकाचे नुकसानच झाले नसेल तर इसार सरसकट जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे. पण लाखभर रुपयांसाठी रजा टाकून कोर्टाच्या किती तारखा करणार? जुन्या घराच्या व्यवहारात 'कर्ज मिळाले नाही तर टोकन परत' असा आपोआप लागू होणारा नियम नाही. ते लिहूनच घ्यावे लागते.

इसारपावतीत साध्या भाषेत एवढे असावे: "खरेदीदारास बँकेचे गृहकर्ज ४५ दिवसांत मंजूर न झाल्यास, अथवा घराच्या कागदपत्रांमुळे बँकेने नकार दिल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम कपात न करता १५ दिवसांत परत केली जाईल." खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मालक याला तयार नसेल तर टोकन थोडेच द्यावे. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्यावेत. घरासाठी वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याचीही मनाई आहे.

"बँकेने होकार दिलाय" यावर पुष्कळ जण फसतात. बँकेचे होकार दोन असतात. पहिला माणसाला: पगार, चालू हप्ते, सिबिल पाहून. दुसरा घराला: मालकी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि किंमत पाहून. पहिले मंजुरीपत्र हातात असले तरी दुसऱ्या पायरीवर गाडी अडते. निव्वळ मुखत्यारपत्रावर विकलेले घर, किंवा विक्रीबंदीची मुदत न संपलेले झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर असेल, तर बँकेचा वकील ते परत पाठवणारच.

किमतीचा हिशेबही पाहा. समजा, सौदा २५ लाखांचा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे साडेबावीस लाख. पण बँकेच्या माणसाने घराची किंमत २१ लाखच धरली, तर कर्ज १८ लाख ९० हजारांवर येते. अडीच लाखांची तयारी केलेल्या घराला आता ६ लाख १० हजार हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळीच. (घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्या मते घरातल्या पुरुषांनी हे मनावर घ्यावे.)

नव्या इमारतीत बिल्डरकडे बुकिंग करणाऱ्याला थोडा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराने २०२२ साली दिलेल्या वाटपपत्राच्या नमुन्यात १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीच कपात नाही, आणि दोन महिने उलटल्यावरही किमतीच्या २ टक्केच. म्हणून बुकिंगच्या दिवशीच वाटपपत्र मागावे, आणि त्यावरची तारीख पाहून दुसऱ्याच दिवशी बँकेत अर्ज टाकावा.