टॅपेट थोडे वाजू द्या

कर्वेनगरातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये वीस-बावीस वर्षांच्या पल्सर अजून दिसतात. 2001 मध्ये आलेली ही गाडी पुण्याच्याच बजाजची. तिचे टॅपेट घरी सेट करता येतात, फक्त इंजिन पूर्ण थंड हवं. रात्री गाडी लावायची आणि सकाळी चालू न करताच काम काढायचं. फट मोजायचं फिलर गेज नसेल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा.

स्पार्क प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं. पिस्टन सर्वांत वर हवा, तोही कॉम्प्रेशनच्या फेरीत. पिस्टन वर असल्याची खूण एग्झॉस्टच्या फेरीनंतरही जुळते आणि नवशिके तिथेच फसतात. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले, तर जागा बरोबर. पल्सर 150 ला रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये इनटेकला 0.05 आणि एग्झॉस्टला 0.10 मिलिमीटर फट ठेवतात; एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो. गेजची पाती जराशी अडखळत सरकायला हवी. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजाच, आवळताना स्क्रू हमखास फिरतो.

टकटक नको म्हणून फटच बुजवणारे ‘हुशार’ भेटतात. गाडी गप्प होते खरी, पण तापल्यावर व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि जळतो. त्यापेक्षा थोडी टकटक परवडली.

आरएक्स 100 आणि जुन्या जावा-येझदीवाल्यांनी ही चौकट वाचली नाही तरी चालेल. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात टॅपेटच नसतात.